‘मग पहिल्यापासून मुलगाच का नाही निवडला?’

(पत्र थोडं आखूड केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

ताई,

मी ५८ वर्षांची. मुलुंड पूर्वेला राहते. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या एकुलत्या एक मुलीने सांगितलं, "आई, माझं तिच्यावर प्रेम आहे." ती म्हणजे तिची मैत्रीण. दोघी कांजूरमार्गला भाड्याने एकत्र राहायच्या. आम्हाला सावरायला दोन वर्षं लागली. हे तर बोलायचेच नाहीत. मी समलिंगी मुलांच्या पालकांच्या एका गटात जाऊ लागले, तिथे रडले, तिथेच शिकले. एकदा लेकीबरोबर अशा लोकांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या प्राइडच्या मोर्चालाही जाऊन आले. पुढे ती मुलगी आमच्या घरचीच झाली. गणपतीत माझ्याशेजारी बसून मोदक वळायची. माझ्यापेक्षा सुबक कळ्या पाडायची.

गेल्या वर्षी दोघींचं तुटलं. आता लेक म्हणते, ऑफिसातला एक मुलगा आहे, लग्नाचा विचार करतोय, रविवारी घरी आणते. ह्यांनी ऐकल्याऐकल्या पेढे आणले. माझी बहीण म्हणाली, "मी म्हणत नव्हते, खूळ आहे, उतरेल?" वर असंही म्हणाली की लग्नाआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, पुन्हा उपटायला नको. लेक भडकली. "मी बरी वगैरे झालेली नाही. मी बायसेक्शुअल आहे, मला मुलगे आणि मुली दोन्ही आवडू शकतात, तेव्हाही तशीच होते." खोलीचं दार लावून बसली. तिच्या बॅगेला गुलाबी, जांभळा, निळा असा एक बिल्ला असतो, तो मी आजवर ऑफिसचा समजत होते. तो बायसेक्शुअल लोकांच्या झेंड्याचा निघाला.

खरं सांगू? मला हायसं वाटलं. लगेच त्याची लाज वाटली. आणि मग राग आला. हिला मुलगेही आवडत होते, तर पहिल्यापासून मुलगाच का नाही निवडला? आमची ती दोन वर्षं फुकट गेली का? तेव्हाचं खरं की आताचं खरं? लग्नानंतर पुन्हा तसं काही झालं तर? मुलाच्या घरी सांगायचं का? आणि त्या मुलीला मी आता फोनही करायचा नाही का? असले प्रश्न छापायचे नसतात हे कळतं. पण विचारू कोणाला?

– एक आई

•

ताई,

असले प्रश्न छापायचेच असतात. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या अशाच खासगी शंकांना त्यात उत्तरं दिली. समलिंगी आकर्षणाबद्दलचे प्रश्नही त्यांत असायचे. अशा उत्तरांपायी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, तरी १९५३ साली ते जाईपर्यंत मासिक निघत राहिलं. हे सगळं हल्ली मोबाइलमुळे सुरू झालंय असं तुमच्या घरात कोणी म्हणत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. मुंबईतली मराठी माणसं नव्वद वर्षांपूर्वी हेच विचारत होती.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यात तुम्ही मुलीचं पाच वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं दिलं आहे, हे फार बरं केलंत. "आई, माझं तिच्यावर प्रेम आहे." बस, एवढंच. मला मुलगे आवडत नाहीत असं ती म्हणाली नव्हती. यापुढे कधी आवडणार नाहीत असंही नाही. तो पुढचा भाग तुम्ही मनात भरून घेतलात. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कारण माणूस एक तर असा असतो नाही तर तसा, हे आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही, ते आपण हवेतूनच घेतो. मुलगी मुलीबरोबर दिसली की लेस्बियन. मुलाबरोबर दिसली की ‘नॉर्मल’. म्हणजे तिच्याबरोबर कोण उभं आहे ते बघून ती कोण आहे हे आपण ठरवायचं, आणि शेजारचं माणूस बदललं की तिलाच खोटं पाडायचं.

तुमची मुलगी तेव्हा खोटं बोलली नाही आणि आताही बोलत नाही. तिच्या घरात आईने तिच्याबद्दल जे धरून घेतलं होतं, ते तिने पाच वर्षं खोडून काढलं नाही, इतकंच.

अमेरिकेत आल्फ्रेड किन्से नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते. हजारो पुरुषांच्या मुलाखती घेऊन त्यांनी १९४८ मध्ये आणि पुढे बायकांच्या घेऊन १९५३ मध्ये आपला अभ्यास छापला. त्यांच्या लक्षात आलं की माणसं दोन ढिगांत मावत नाहीत, म्हणून त्यांनी शून्य ते सहा अशी मोजपट्टी केली. शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी आकर्षण, सहा म्हणजे फक्त समलिंगी, आणि मधले पाच आकडे रिकामे नव्हते, तिथे भरपूर माणसं होती. पुढे फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांना ही पट्टीही अपुरी वाटली. माणूस एकाच आकड्यात बसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. ओढ कोणाची वाटते, प्रत्यक्ष संबंध कोणाशी आला, मनातल्या कल्पना कोणाबद्दल असतात, जीव कोणाला लावतो, मित्रमैत्रिणी कोण, राहणं कोणाच्या संगतीत, आणि स्वतःला तो काय म्हणवतो, असे सात प्रश्न त्यांनी केले. ते प्रत्येक माणसाला तीनदा विचारायचे: पूर्वी काय होतं, आता काय आहे, आणि मनासारखं व्हायचं तर काय असावं. एकाच माणसाची उत्तरं या एकवीस ठिकाणी वेगवेगळी येऊ शकतात. तुमच्या मुलीची येतील. प्रामाणिकपणे भरलं तर तुमची आणि माझीही सगळी सारखी येतील असं नाही.

तेव्हा "तेव्हाचं खरं की आताचं" याला माझं उत्तर: दोन्ही. त्या बिल्ल्यावरच्या तीन रंगांचा बायसेक्शुअल लोकांचा झेंडा मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये केला. वर रुंद गुलाबी, खाली रुंद निळा आणि मध्ये दोन्ही मिसळतात तिथे जांभळा. ती तो रोज बॅगेला लावून तुमच्या समोरून जात होती. लपवायचं असतं तर घरी येताना काढून ठेवला असता. मला तर वाटतं, कोणीतरी विचारावं याची ती वाट बघत होती.

आता तो प्रश्न, ज्याखाली तुम्ही पेनाने दोनदा रेघ ओढली आहे. पहिल्यापासून मुलगाच का नाही निवडला.

याचं सोपं उत्तर आधी देते. तुमच्या मुलीपुढे मुलगे आणि मुली अशा दोन रांगा नव्हत्या आणि तिने हट्टाने अवघड रांग धरली असंही नाही. तिला ‘एखादी मुलगी’ आवडली नव्हती, तिला ती आवडली. तिचं बोलणं, तिची चिडण्याची तऱ्हा, पिठात बरबटलेल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारणं, असलं काहीतरी. तुम्हाला पुरुष आवडतात, म्हणून कुठलाही पुरुष चालला असता का? तुमच्या यजमानांऐवजी समोरच्या इमारतीतले एखादे गृहस्थ का नाही केलेत, असं तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? आवडू शकणारी माणसं जगात खूप असतात. प्रेम जडतं ते त्यातल्या एकाच माणसावर, आणि त्याच्या जागी दुसरं आणून बसवता येत नाही. बायसेक्शुअल माणसांच्या बाबतीतही हे तितकंच खरं आहे. आवडण्याची शक्यता जास्त लोकांपुरती पसरलेली असते म्हणून त्यांचं प्रेम पातळ होत नाही.

पण मला वाटतं, तुमचा राग याहून खोलवरचा आहे. नीट सांगायचा प्रयत्न करते, रागावू नका.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही मुलीला स्वीकारलंत ते कशाच्या आधारावर? तुमच्याच पत्रात मध्ये एक ओळ होती, जागेअभावी मी वर घेतली नाही: "ती जन्मतःच तशी आहे, तिला दुसरा इलाज नाही, हे एकदा पटल्यावर मला सोपं गेलं." पुष्कळ आयांना याच वाक्याने सोपं जातं. पालकांच्या बैठकांत, समुपदेशकांकडे, लेखांतून आपणही हेच सांगत आलो: मुलांनी हे निवडलेलं नाही, त्यांच्या हातात नाही, म्हणून त्यांना बोल लावू नका. ते खरंच आहे, आकर्षण कोणी निवडत नाही. पण त्या ‘म्हणून’मध्ये एक दयेचा भाव शिरला. बिचारीला दुसरा रस्ताच नाही, तर राहू द्या तिला या रस्त्याने. आणि आता मुलगी म्हणते की तिला दुसरा रस्ताही होता. मग तुमच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं झालं. इलाज होता, तरी आम्हाला यातून नेलंस?

ताई, मला कळकळीने सांगायचं आहे ते हेच. ते नातं मान्य करायला लाचारीचं कारण लागतच नव्हतं. ते चांगलं होतं, एवढं कारण पुरेसं होतं. त्या दोघी एकमेकींना जपायच्या, तुमच्या घरात ती मुलगी आनंद घेऊन यायची, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. उद्या एखाद्या मुलीला शंभर मुलगे आवडत असतील आणि तरीही तिने एका मुलीबरोबर संसार थाटला, तर तिचं नातं तितक्याच मानाचं आहे. ‘नाइलाज’ हा शब्द मनातून काढून टाकलात की तुमची ती दोन वर्षं फुकट गेली असंही वाटणार नाही. त्या दोन वर्षांत तुम्ही एका चांगल्या माणसाला घरात जागा करायला शिकलात.

आणि मुलगी गप्प का राहिली, त्याचं कारणही या प्रश्नातच आहे. पाच वर्षांपूर्वी तिने "मला दोन्ही आवडतात" असं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून घरात काय सुरू झालं असतं? स्थळं. "आवडतात ना मुलगे, मग झालं तर." मावशीच्या ओळखीतला इंजिनिअर, आत्याच्या नणंदेचा पुतण्या. तिचं त्या मुलीवरचं प्रेम कोणी मोजलंच नसतं. बायसेक्शुअल मुलामुलींना घरात हे हमखास ऐकावं लागतं, म्हणून बरीचशी अर्धंच सांगतात. मोठ्यांना जे एका दमात कळेल तेवढंच. तिने त्या नात्याला वाचवायला ते अर्धं सांगितलं, असं समजा.

बाहेरही तिला काही मखमल अंथरलेली नाही. तुमच्या बहिणीला वाटतं ती ‘सुधारली’. तिच्या ओळखीतल्या काही लेस्बियन मैत्रिणींना कदाचित वाटत असेल, ही सोयीचं बघून पलीकडे गेली. मुलगा असला की एक बाजू म्हणते बघा, तो टप्पा होता. मुलगी असली की दुसरी बाजू म्हणते, आता तरी खरं बोललीस. बायसेक्शुअल माणसांना दोन्हीकडून असं पुसून टाकलं जातं. अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण त्यांच्यात भिन्नलिंगी लोकांपेक्षा तर जास्त असतंच, बऱ्याचदा समलिंगी लोकांपेक्षाही जास्त असतं. सतत अविश्वास सोसणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. निदान घरात तरी तिच्यावर विश्वास असू द्या.

तुमच्या हायसं वाटण्याबद्दल. लाज वाटून घेऊ नका, पण ते कशामुळे वाटलं ते एकदा उलगडून बघा. त्यात थोडं ‘लोक काय म्हणतील’ असेल, सोसायटीच्या हळदीकुंकवात आता उत्तर तयार आहे हेही असेल. पण एक भाग अगदी व्यवहाराचा आहे आणि तो खोटा नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या दंड संहितेच्या ३७७ कलमातून प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना बाहेर काढलं. गुन्हा गेला. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाही, तो विषय संसदेचा आहे, असं म्हटलं. म्हणजे तुमच्या मुलीला या मुलाबरोबर लग्नाच्या नोंदणीसाठी अर्ज करता येईल, पण त्या मुलीबरोबर दहा वर्षं संसार केला असता तरी तिला आपली बायको म्हणून कुठल्याच सरकारी कागदावर लिहिता आलं नसतं. कांजूरमार्गचं घर घेताना एजंटने "फॅमिली की बॅचलर?" विचारलं तेव्हा दोघींनी ‘रूममेट’ म्हटलं असणार. उद्या या मुलाबरोबर घर बघायला गेली की हा प्रश्न तिला अडवणार नाही. तुमची लेक तीच, पगार तोच, भाडं तितकंच. आईला हायसं वाटणारच. फक्त ते वाटतंय ते जगाने एक दार उघडलं म्हणून, मुलीत काही दुरुस्त झालं म्हणून नव्हे, एवढा फरक मनात ठेवा. आणि जमलं तर हे तिला असंच सांगा: "मला हायसं वाटलं, कारण आता तुला रोज भांडावं लागणार नाही. पण तुझं आधीचं प्रेम खरं होतं, हे मला माहीत आहे." माझी खात्री आहे, दुसऱ्या वाक्यासाठी ती पहिलं पोटात घालेल.

लग्नानंतर पुन्हा तसं झालं तर? पुन्हा व्हायला ते जावं लागतं, आणि ते गेलेलं नाही. लग्नाच्या दिवशीही ती बायसेक्शुअल असेल, साठाव्या वर्षीही असेल. तिला अधूनमधून एखादी बाई आवडेल, जसा एखाद्या विवाहितेला दुसरा एखादा पुरुष आवडून जातो. आवडणं वेगळं आणि दिलेला शब्द पाळणं वेगळं. बायसेक्शुअल म्हणजे दोघं एकाच वेळी लागतात, असा एक गैरसमज सर्रास आहे. तिने त्या मुलीबरोबरची सगळी वर्षं काढली तेव्हा कुठे तिला बरोबरीने एक मुलगाही लागत होता? नवराबायकोने एकमेकांना काय शब्द द्यायचा हे त्या दोघांचं. त्यात आईने पडायचं कारण नाही, आणि मावशीने तर नाहीच.

मावशींच्या डॉक्टरबद्दल मात्र मी ठाम आहे. कोणाकडेही न्यायचं नाही. हा आजारच नसल्यामुळे त्यावर उपचार नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे की लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरीही असे उपचार करणारे भेटतात आणि माणसाची नासाडी करतात. बहिणीने पुन्हा विषय काढला तर एवढंच म्हणा, "ती आजारी नव्हती, त्यामुळे बरी होण्याचा प्रश्न नाही." वाद घालत बसू नका. तीनचारदा हेच ऐकलं की त्या थांबतील.

मुलाच्या घरी सांगायचं का? तुम्ही नाही. मुलाला माहीत आहे का, हे मुलीला विचारा, तेही चौकशीच्या सुरात नको. माझा अंदाज आहे, माहीत असेल. जी मुलगी बिल्ला लावून ऑफिसला जाते ती त्याच्यापासून लपवणार नाही. त्याच्या आईवडिलांना काय सांगायचं, कधी आणि किती, हे ते दोघं ठरवतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने लैंगिक कल हा माणसाच्या खासगीपणाचा गाभ्यातला भाग मानला आहे. दुसऱ्याने, मग ती आई का असेना, तो परस्पर उघड करायचा नसतो. त्यांच्याकडून कोणी "आधी काही होतं का?" असं विचारलंच, तर "तिचं एक नातं होतं, ते संपलं, बाकीचं तिलाच विचारा" म्हणा. हे पूर्ण खरं आहे. आधीचं नातं एखाद्या मुलाशी असतं तर त्याचा पाढा तुम्ही व्याह्यांपुढे वाचला असतात का? तेवढाच न्याय इथेही.

आता पेढे. तुमच्या यजमानांचा हेतू वाईट नसेल, पण त्या डब्याने मुलीला काय ऐकू आलं असेल ते बघा. तिचं नातं तुटलं तेव्हा तुमच्या घरात कोणी साधं "कशी आहेस?" विचारलं का? तुमच्या पत्रात तरी ते नाही. लग्न मोडलेली मुलगी माहेरी आली असती तर तुम्ही तिला आठवडाभर जवळ ठेवून घेतलं असतंत, आवडीचं करून घातलं असतंत. हिचं इतक्या वर्षांचं नातं मोडलं, तिने ते एकटीने पचवलं, आणि घरात गोडधोड आलं ते आता. बाबांनी तिच्या दुःखाच्या वेळी तोंड उघडलं नाही आणि आज पेढे वाटले, म्हणजे त्यांच्या लेखी ते दुःख नव्हतंच, असंच तिला वाटणार. दार लावून बसली ती त्यापायी. रविवारच्या आत यजमानांशी बोला. त्यांना लांबलचक समजावण्याची गरज नाही. त्यांनी तिच्याजवळ बसून "तेव्हा मी काही विचारलं नाही, ते चुकलं" एवढं म्हटलं तरी खूप होईल. नाहीच जमलं, तर रविवारी त्या मुलासमोर ‘जुना विषय’, ‘आता सगळं ठीक झालं’ असली वाक्यं तरी टाळायला सांगा. आणि त्याचं स्वागत कुठलंही चांगलं माणूस घरी येतं तसं करा, मुलीला सोडवायला आलेला असल्यासारखं नको. बिचाऱ्याला तेही ओझंच होईल.

त्या मुलीला फोन करण्याचं विचारता. तिची आठवण येते म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय का? वाटू देऊ नका. लेकीचं नातं तुटलं म्हणून तुमची माया आपोआप तुटत नाही. पण आधी लेकीला विचारा: "मी तिला फोन केला तर तुला चालेल?" ती म्हणाली आत्ता नको, तर थांबा, काही महिन्यांनी पुन्हा विचारा. कसं तुटलं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्यात कोणाला किती लागलं असेल तेही. ती हो म्हणाली, तर खुशाल करा. तिची विचारपूस करा, आईवडिलांची करा. मुलाचा विषय आपणहून काढू नका आणि दोघींना पुन्हा जोडण्याचा प्रयत्न तर मुळीच नको.

शेवटचं, पालकांच्या गटाबद्दल. पत्राच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, "आता मला तिथे जायचा अधिकार नाही." का नाही? मुंबईत समलिंगी लोकांच्या हक्कांचं काम उभं राहिलं तेव्हापासून बायसेक्शुअल माणसं त्यात आहेत. १९९५ मध्ये इथे बायकांचा ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, पुढे त्याचं नाव ‘लाबिया’ (इंग्रजीत ‘लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन अ‍ॅक्शन’) झालं, आणि त्या नावातच लेस्बियनच्या जोडीला बायसेक्शुअल आहे. हमसफर ट्रस्टही १९९४ पासून इथेच काम करतो. ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून जास्त आईवडिलांनी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांना लग्नाचा हक्क मागितला होता. त्यातल्या सगळ्यांची मुलं एकाच प्रकारची होती असं थोडंच आहे. तुमची मुलगी उद्या मुलाशी लग्न करेल, आणि तरीही ती त्याच समाजातली असेल. तुम्हीही त्यातल्याच. मोर्चालाही जा, वाटलं तर जावयाला घेऊन जा.

मधल्या काळात मन फारच भरून आलं, रात्री झोप येईना झाली, तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पण गटाच्या पुढच्या बैठकीला मात्र नक्की जा. कारण सध्या तिथे एखादी नवी आई येत असेल, जिच्या मुलाने नुकतंच "मला दोन्ही आवडतात" असं सांगितलंय, आणि घरातले सगळे तिला म्हणतायत, मग त्याला मुलगीच करून द्या की, काय बिघडलं. तिच्याशी बोलायला तुमच्याइतकं योग्य माणूस मला तरी सुचत नाही.